सर्वोत्तम मॅकरोनी अँड चीज कोणाचे? एक पदार्थ, त्याचे श्रेय आणि जेम्स हेमिंग्ज

१.
अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या शहरात "इथले सर्वोत्तम मॅकरोनी अँड चीज कोठे मिळते?" असे विचारले, की दोन तट पडतात. एका पक्षाला ते भट्टीत भाजलेले, वर खरपूस पापुद्रा आलेले, सुरीने वडीसारखे कापता येणारे हवे असते. दुसऱ्या पक्षाला ते दाट सॉसमध्ये बुडालेले, चमच्याने खाण्याजोगे हवे असते. वाद वरकरणी चवीचा आहे. परंतु त्यातील दोन्ही बाजू अडीचशे वर्षांच्या लिखित परंपरेत सापडतात. आणि त्या परंपरेच्या मध्यभागी एक असा आचारी उभा आहे, ज्याचे नाव फार काळ कोणी घेतलेच नाही. आजचा थ्रेड त्याच्याविषयी आणि त्याच्या पदार्थाविषयी.

२.
प्रथम एक गैरसमज दूर करू. हा पदार्थ अमेरिकेत जन्मलेला नाही. इ. स. १३९० च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी 'द फॉर्म ऑफ क्युरी' हा पाककृतींचा संग्रह सिद्ध केला. त्यात कणकेची पातळ पोळी लाटून, तिचे तुकडे कापून, ते उकळत्या पाण्यात शिजवून किसलेले चीज आणि लोणी यांसह वाढण्याची कृती आहे. तिचे नावही 'मॅकरोनी'शी नाते सांगणारे आहे. कोलंबसच्या पहिल्या सफरीला तेव्हा आणखी शंभर वर्षे अवकाश होता. शिजवलेली कणीक आणि चीज यांची जोडी युरोपात इतकी जुनी आहे.

३.
आज आपण ओळखतो त्या रूपाच्या जवळ जाणारी कृती १७६९ मध्ये छापली गेली. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांनी 'द एक्स्पीरिअन्स्ड इंग्लिश हाउसकीपर' या ग्रंथात मॅकरोनी शिजवून ती साय आणि पिठात घोळवलेले लोणी यांत एकजीव करण्यास सांगितले आहे; वर पार्मेझान चीज. शेवटची सूचना विशेष लक्षणीय आहे: पदार्थ लवकर निवतो, म्हणून तो खाली गरम पाणी भरलेल्या ताटलीतून पंगतीला पाठवावा. रॅफल्ड यांनी दुकान चालवले होते, खानावळीही चालवल्या होत्या. स्वयंपाकघर आणि गिऱ्हाईक यांच्यामधल्या अंतरात या पदार्थाचा घात होतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावे. आजचे उपाहारगृहही त्याच अडचणीशी झुंजत असते.

४.
त्या काळी मॅकरोनी ही चैनीची वस्तू होती. इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांतील तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून फ्रान्स-इटलीचा प्रवास करीत आणि तिकडच्या खाण्यापिण्याच्या आवडी घेऊन परतत. १७७० च्या दशकात अशा छानछोकी तरुणांना 'मॅकरोनी' हेच टोपणनाव पडले. 'यांकी डूडल' या प्रसिद्ध अमेरिकी गीतात टोपीत पीस खोवण्याच्या संदर्भात येणारा हा शब्द खाद्यपदार्थासाठी नसून या फॅशनसाठी आहे. म्हणजे अटलांटिक ओलांडताना मॅकरोनी जात होती ती प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून. गरिबाच्या ताटाशी तिचा संबंध अजून यायचा होता.

५.
आता लोकप्रिय कथेकडे वळू. ती अशी: थॉमस जेफरसन फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत होते, तेथे त्यांना मॅकरोनी आवडली, त्यांनी ती मायदेशी आणली आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मेजवानीत वाढली, म्हणून मॅकरोनी अँड चीजचे अमेरिकी जनक जेफरसन. या कथेतील काही तपशील खरे आहेत. मॅकरोनी बनवण्याच्या यंत्राचे जेफरसन यांच्या टिपणांतील रेखाचित्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आजही आहे. १७८९ मध्ये त्यांचे सचिव विल्यम शॉर्ट यांनी त्यांच्यासाठी नेपल्सहून मॅकरोनीचा साचा मिळवला. प्रश्न एवढाच उरतो, की यंत्राचे चित्र काढणाऱ्या या गृहस्थांच्या घरी चुलीपुढे कोण उभे होते?

६.
जेम्स हेमिंग्ज यांचा जन्म १७६५ चा. आई एलिझाबेथ हेमिंग्ज गुलामगिरीत होत्या. वडील जॉन वेल्स, म्हणजेच जेफरसन यांचे सासरे. अर्थात जेम्स हे जेफरसन यांच्या पत्नीचे सावत्र बंधू. आणि तरीही वेल्स यांच्या मृत्यूनंतर ते वारसाहक्काने, मालमत्ता म्हणून, जेफरसन यांच्याकडे आले. ज्यांच्या जीवनाविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले, त्या सॅली हेमिंग्ज या जेम्स यांच्या धाकट्या भगिनी. जेफरसन यांनी आयुष्यात सहाशेहून अधिक माणसांना गुलामगिरीत ठेवले. 'सर्व माणसे समान' या घोषणेचा मसुदा लिहिणाऱ्या गृहस्थाचे हे घर होते.

७.
१७८४ मध्ये जेफरसन पॅरिसला निघाले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या जेम्स यांना त्यांनी सोबत घेतले. हेतू स्पष्ट होता: फ्रेंच पाककला शिकवणे. जेम्स यांनी पॅरिसमधील व्यावसायिक आचाऱ्यांकडे उमेदवारी केली. काँदे या राजघराण्यातील सरदाराच्या आचाऱ्याकडेही ते शिकले. १७८७ पासून शांझ-एलिझे मार्गावरील जेफरसन यांच्या निवासस्थानाचे, ओतेल द लांजाकचे, ते मुख्य आचारी झाले. तेथे त्यांना पगार मिळे. त्यातून पैसे देऊन त्यांनी शिक्षकाकडून फ्रेंच भाषा शिकून घेतली.

८.
फ्रान्सच्या भूमीवर त्यांना न्यायालयात दाद मागून स्वातंत्र्य मिळवण्याची संधी होती; तशा दाव्यांत तेथील न्यायालये गुलामांच्या बाजूने निकाल देत असत. तरीही १७८९ मध्ये जेम्स आणि सॅली दोघेही जेफरसन यांच्यासमवेत अमेरिकेला परतले. मागे व्हर्जिनियात आई होती, भावंडे होती. परतल्यावर जेम्स यांनी न्यूयॉर्क आणि पुढे फिलाडेल्फिया येथे जेफरसन यांचे स्वयंपाकघर सांभाळले. नव्या प्रजासत्ताकाचे मंत्री आणि मुत्सद्दी ज्या टेबलावर जेवत, त्यावरील फ्रेंच धाटणीचे अन्न त्यांच्या हातचे असे.

९.
१५ सप्टेंबर १७९३ रोजी जेफरसन यांनी एक करारपत्र लिहिले. आशय असा: जेम्स यांना पाककला शिकवण्यासाठी मोठा खर्च झाला आहे, त्यांनी मॉन्टिसेलो येथे येऊन, नेमून दिलेल्या व्यक्तीला उत्तम आचारी म्हणून तयार करावे, ते पूर्ण झाल्यावर त्यांना मुक्त करण्यात येईल. जेम्स यांनी आपले बंधू पीटर यांना शिकवले आणि ५ फेब्रुवारी १७९६ रोजी ते मुक्त झाले. जेफरसन यांनी हयातीत कायदेशीररीत्या मुक्त केलेल्या दोनच व्यक्तींपैकी ते एक. दुसरे त्यांचेच बंधू रॉबर्ट. जेम्स सुटले, ती जागा भरून काढण्यासाठी पीटर मात्र गुलामगिरीतच राहिले. एका भावाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्या भावाच्या कौशल्याने चुकवली गेली.

१०.
मुक्तीनंतर पंधरा दिवसांनी, २० फेब्रुवारी १७९६ या तारखेची, जेम्स यांनी स्वहस्ते लिहिलेली मॉन्टिसेलोच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची यादी उपलब्ध आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाच्या हस्ताक्षरातील असा कागद हाती लागणे दुर्मीळ असते. शिवाय तेथील जुन्या स्वयंपाकघराच्या उत्खननात विटांच्या कोळशाच्या शेगड्यांचे अवशेष मिळाले आहेत. उघड्या जाळावर मांस भाजता येते. परंतु लोणी-पिठाचा सॉस करपू न देता घट्ट करण्यास मंद आणि ताब्यात राहणारी आच लागते. फ्रेंच पद्धतीच्या या शेगड्यांवर ती मिळे. विद्या जेम्स यांच्या हातात होती, आणि तिला साजेशी चूल त्या तळघरात होती.

११.
१८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या निवासस्थानी मुख्य आचारी म्हणून त्यांना जेम्स हवे होते. त्यांनी मध्यस्थांमार्फत निरोप धाडला. जेम्स तेव्हा बॉल्टिमोरमध्ये होते. त्यांनी कळवले, की जेफरसन यांनी स्वतः चार ओळी लिहून अटी आणि वेतन कळवावे. ही मागणी एका स्वतंत्र कारागिराची होती. ते पत्र आले नाही. ऑनोरे ज्यूलियन या फ्रेंच आचाऱ्याची नेमणूक झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात जेम्स यांनी मॉन्टिसेलो येथे काही आठवडे पगारी काम केले, आणि शरदात बॉल्टिमोर येथे त्यांनी आपले जीवन संपवल्याची वार्ता आली. वय अवघे छत्तीस वर्षांचे होते.

१२.
यानंतर काही महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १८०२ रोजी, राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीत 'मॅकरोनी' नावाचा एक पाय वाढला गेला. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी मनासा कटलर यांनी त्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. त्यांना आतील नळ्या कांद्यासारख्या वाटल्या, चव उग्र वाटली आणि पदार्थ मुळीच रुचला नाही. शेजारी बसलेल्या मेरीवेदर लुईस यांनी त्यांना समजावले, की हा इटालियन पदार्थ असून त्या नळ्या पिठाच्या आहेत. हेच लुईस पुढे खंड ओलांडणाऱ्या मोहिमेमुळे प्रसिद्धीस आले. अमेरिकी राजधानीतील मॅकरोनीचे हे आरंभीचे परीक्षण सपशेल प्रतिकूल आहे, आणि त्यात आचाऱ्याचा उल्लेख नाही.

१३.
येथे आपण, इतिहासाचे विद्यार्थी म्हणून, थोडे थांबले पाहिजे. अलीकडे "मॅकरोनी अँड चीजचे खरे जनक जेम्स हेमिंग्ज" असे विधान सर्रास आढळते. जेफरसन यांना दिलेले श्रेय काढून ते जेम्स यांना बहाल करणे भावनेला पटते. परंतु जेम्स यांच्या नावाशी जोडलेल्या ज्या मोजक्या कृती कुटुंबाच्या संग्रहात टिकल्या, त्यांत अंड्याचा 'स्नो एग्ज' हा गोड पदार्थ आहे, चॉकलेट क्रीम आहे, मॅकरोनी नाही. आणि १३९० व १७६९ चे पुरावे पाहता 'जनक' हा शब्दच कोणालाही लागू होत नाही. एका आख्यायिकेच्या जागी दुसरी बसवल्याने अन्यायाचे परिमार्जन होत नाही.

१४.
मग पुरावा काय सांगतो? तो असे सांगतो, की फ्रेंच स्वयंपाकात प्रावीण्य मिळवलेली पहिल्या पिढीतील अमेरिकी माणसे गुलामगिरीत होती; त्यांनी ते ज्ञान परस्परांना शिकवले; पीटर यांच्यानंतर एडिथ फॉसेट आणि फॅनी हर्न या तरुणींनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी ज्यूलियन यांच्या हाताखाली तेच काम शिकून मॉन्टिसेलोचे स्वयंपाकघर सांभाळले. जेफरसन यांच्या घरी मॅकरोनी आली, याचा पुरावा आहे. ती स्वयंपाकघरात कोणाच्या हातून गेली, याचाही आहे. जेम्स यांना शोधक म्हणावे लागत नाही. ते या परंपरेतील पहिल्या प्रशिक्षित आचाऱ्यांपैकी एक होते, हे विधान पुरेसे मोठे आहे आणि ते खरे आहे.

१५.
१८२४ मध्ये मेरी रँडॉल्फ यांचे 'द व्हर्जिनिया हाउस-वाइफ' प्रसिद्ध झाले. यांचे बंधू जेफरसन यांचे जावई. मॅकरोनी दूध-पाण्यात शिजवून, चीज आणि लोणी यांच्याशी थरावर थर रचून भट्टीत भाजावी, अशी कृती त्यात आहे. रॅफल्ड यांची साय येथे नाही. येथे थर आहेत आणि भट्टी आहे. पहिल्या परिच्छेदातील दोन तट आता ओळखू येतील: सॉसवाल्यांची वंशावळ १७६९ कडे जाते, भाजणाऱ्यांची १८२४ कडे. रँडॉल्फ यांच्या घरचा स्वयंपाकही गुलामगिरीतील माणसेच करीत. पुस्तकावर नाव मालकिणीचे आले. कृती मात्र त्या हातांतून पुढच्या पिढ्यांच्या हातांत गेली.

१६.
चैनीची वस्तू रोजच्या जेवणात आली ती कारखान्यांमुळे. १८४८ मध्ये अँटोनी झेरेगा यांनी ब्रुकलिनमध्ये पास्त्याचा कारखाना काढला. १८५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जेसी विल्यम्स यांनी आजूबाजूच्या शेतांवरील दूध एकत्र आणून चेडर चीज कारखान्यात बनवण्यास प्रारंभ केला. दूरदेशीच्या पार्मेझानची जागा स्वस्त चेडरने घेतली. परंतु चेडर फार तापले, की त्यातील स्निग्धांश सुटतो आणि चीज चरचरीत होते. स्वित्झर्लंडमध्ये १९११ मध्ये सायट्रेट क्षारांच्या साहाय्याने यावर उपाय सापडला. जेम्स क्राफ्ट यांनी प्रक्रिया केलेल्या चीजचे अमेरिकी पेटंट १९१६ मध्ये घेतले.

१७.
१९३७ मध्ये, महामंदी सरली नसताना, क्राफ्ट कंपनीने कोरडी मॅकरोनी आणि चीजची पूड एका खोक्यात भरून १९ सेंटला विक्रीस आणली. चार माणसांचे जेवण, तेही काही मिनिटांत. पहिल्याच वर्षी ८० लाख खोकी विकली गेली. शहरांत त्याच काळी हॉर्न अँड हार्डार्ट यांची 'ऑटोमॅट' उपाहारगृहे भरात होती. पहिले फिलाडेल्फियात १९०२ मध्ये, न्यूयॉर्कमधील पहिले १९१२ मध्ये. भिंतीतील काचेच्या कप्प्यांत पदार्थ मांडलेले. फटीत नाणे टाकावे, मूठ फिरवावी, झडप उघडावी. तेथील मॅकरोनी अँड चीजची आठवण न्यूयॉर्ककर अजूनही काढतात. शेवटचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झाले. येथे आचारी काचेपलीकडे गेला, पूर्णपणे अदृश्य झाला.

१८.
तो पुन्हा दिसू लागला हार्लेममध्ये. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेकडील राज्ये सोडून उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरे गाठली. दक्षिणेत भाजलेली मॅकरोनी सणावाराच्या ताटात पोहोचली होती. ती त्यांच्याबरोबर आली. साऊथ कॅरोलायनाच्या सिल्व्हिया वुड्स हार्लेममधील एका छोट्या उपाहारगृहात वाढपी होत्या. १९६२ मध्ये ते विकत घेण्यासाठी त्यांच्या आईने आपले शेत गहाण ठेवले. 'सिल्व्हियाज' हे उपाहारगृह आजही चालू आहे. फलकावर स्वयंपाकिणीचेच नाव आहे, आणि या कथेत ही गोष्ट लहान नाही.

१९.
या समाजात सणाच्या दिवशी मॅकरोनी कोणी करायची, हा प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. ते काम घरातील नवख्या सुनेला सहसा मिळत नाही. गरिबीच्या खुणाही या पदार्थावर आहेत. १९८१ च्या डिसेंबरमध्ये रेगन सरकारने गोदामांत साठलेले ३ कोटी पौंड चीज गरजूंना वाटण्याचा आदेश दिला. पाच-पाच पौंडांच्या ठोकळ्यांत मिळालेले ते चीज अनेक घरांत मॅकरोनीतच विरघळले. एकेकाळी राष्ट्राध्यक्षांच्या पाहुण्याला न रुचलेला पदार्थ अशा रीतीने सरकारी मदतीच्या रांगेतून पुन्हा ताटात आला.

२०.
आणि मग चक्र आणखी एकदा फिरले. सिएटलच्या पाइक प्लेस बाजारात २००३ पासून 'बीचर्स' हे चीजचे दुकान आपल्या मॅकरोनीला जगातील सर्वोत्तम म्हणवते. न्यूयॉर्कमध्ये २००६ मध्ये 'एस'मॅक' हे केवळ याच पदार्थाला वाहिलेले उपाहारगृह सुरू झाले. महागड्या ठिकाणी त्यात लॉबस्टर पडतो. आपल्याकडेही मुंबईतील जुन्या धाटणीच्या 'काँटिनेंटल' मेनूवर अननसाचे तुकडे घातलेली बेक्ड मॅकरोनी दिसते. चीज आणि भट्टी तीच, गोडवा मात्र इथला.

२१.
तेव्हा सर्वोत्तम मॅकरोनी अँड चीज कोणाचे? खाणाऱ्याने आपल्या जिभेला विचारावे. पापुद्रा हवा असेल तर हार्लेमला जावे, सॉस हवा असेल तर रॅफल्ड यांची सूचना पाळून ते गरम असतानाच संपवावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र एक सवय लावून घ्यावी. एखाद्या पदार्थाची कथा 'अमुक राजाने आणला', 'तमुक राष्ट्राध्यक्षाने लोकप्रिय केला' अशी सुरू झाली, की आणखी दोन प्रश्न विचारावेत: तो शिजवला कोणी, आणि शिजवणाऱ्याला ते काम कोणी शिकवले? उत्तर राजाच्या चरित्रात बहुधा सापडत नाही. ते करारपत्रात, पगाराच्या नोंदीत, भांड्यांच्या यादीत सापडते. जेम्स हेमिंग्ज यांचे हस्ताक्षर आपल्यापर्यंत पोहोचले, ते अशाच एका यादीमुळे.